ही पोचली, ही नाय पोचली

या, अशा पुढे येऊन बसा. लांबून नको, मला आता ओरडून बोलवत नाही. आणि आधी मला एक सांगा, तुम्ही लोक कविता वाचता तरी कशा? मोबाईलवर कविता येते, तुम्ही अर्ध्यावरच अंगठा दाखवता, नाहीतर फुलांचा गुच्छ चिकटवता आणि लगेच ती दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होता. काय होतं कवितेत म्हणून विचारलं तर म्हणे, "छान होतं, आईवर होतं." आईवर काय होतं, पाल?

रागावू नका. मीही त्यातलीच. पण मी आयुष्यात एक बाई अशी पाहिली, की जिच्याकडे गेलेली कविता शेवटच्या ओळीपर्यंत वाचली जायची. फोन हातभर लांब धरायचा, ओठ हलवायचे, आणि बोटाने एकेक ओळ वर सरकवायची, सुपात तांदूळ निवडावेत तशी. संपली की चष्मा कपाळावर आणि पहिला प्रश्न:

"मगे? काय व्हया तिका?"

म्हणजे, मग काय हवंय तिला? कवितेला कुणी असं विचारतं का हो? ही विचारायची.

आम्ही सगळ्या तिला वहिनी म्हणायचो. कुणाची वहिनी, ते कुणाला ठाऊक नाही. राहायची कांजूरमार्गला, चाळीत. नवरा एके काळी गिरणीत होता, नंतर मरोळच्या एका कंपनीत वॉचमन झाला, मग वारला. वहिनी मूळची कुडाळकडची. मालवणी मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ असं घरी करून मुलुंड-भांडुपला बसने फिरून द्यायची. दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या, त्यामुळे ती दारातून नेहमी आडवी आत यायची. चाळीत मसाला भाजला की शेजारी तक्रार करतात ना? हिच्याकडे उलटं. "वारो फिरलो आणि कचऱ्याच्या डंपिंगचो वास इलो, की शेजारी माका सांगतत, वयनी, मसालो भाज गे," असं अभिमानाने सांगायची.

आता ही मसालेवाली कवितांत कशी आली, ते ऐका. चूक माझी.

माझ्या फोनवर दोन ग्रुप होते. एक 'मसाला-आमसूल', आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या बायकांची ऑर्डर एकत्र करायला. दुसरा 'दुपारची कविता'. जेवणं झाली, की ज्याला जी कविता फेसबुकवर, कुणाच्या स्टेटसवर, कुठल्या अनोळखी माणसाच्या पानावर सापडेल ती इथे आणून टाकायची. दोन्हींची ॲडमिन मी. मी काही शिकलेली नाही हो, दहावी झाले आणि लग्न झालं. पण इथल्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीत एकवीस वर्षं काउंटरवर बसले. परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवायच्या आधी वाचायचं, एवढंच माझं कॉलेज. लायब्ररी बंद झाली तेव्हा हाताला चाळा म्हणून हा ग्रुप काढला. आणि वहिनीने नवा फोन घेतला, तेव्हा मी तिला मसाल्यात घालायच्या ऐवजी कवितेत घातलं.

त्याच दुपारी कुणीतरी एक कविता टाकली. अशी काहीशी होती: थोडंसं ऊन दे, थोडीशी ओल दे, परडीभर प्राजक्त दे. खाली पाच-सहा जणींनी "वा वा" केलं. आणि मग वहिनीचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. मागे बसचा कंडक्टर ओरडत होता.

"परडी म्हंजे केवढी गे? प्राजक्त माज्याकडे नसता. ऊन कसा देतलंय? उन्हात सुकवलेली आमसुलां आसत, ती चलतली काय?"

आम्ही किती हसलो म्हणून सांगू! मी तिला फोन करून म्हटलं, वहिनी, माझं चुकलं, हा ऑर्डरचा ग्रुप नाही, इथे नुसत्या कविता येतात, तुला काढते. तर म्हणते कशी, "रवांदे. वाचूक बरां वाटता." राहू दे म्हणे.

राहिली. पण तिच्या डोक्यातून ऑर्डर काही गेली नाही. आमचा मेसेज मिळाला, की ती मसाल्याच्या हिशेबाने उत्तर द्यायची: "पोचला." आता कवितेला म्हणायला लागली, "पोचली." आणि सगळ्यांनाच नाही हं. मोठमोठे शब्द असलेली, क्षितिज, गाभारा, अस्तित्व वगैरे, अशी कविता आली की वहिनीचं उत्तर: "नाय पोचली. वाटेत खंयतरी अडकली." बस. ना फूल, ना अंगठा.

तुम्हाला सांगते, महिनाभरात अशी परिस्थिती झाली, की आमच्या ग्रुपवर पंधरा जणींचं "अप्रतिम" एकीकडे आणि वहिनीचं "पोचली" एकीकडे. कुणीही कविता टाकली, की तासभर फोन उघडून बघायची, वहिनीचं काही आलं का.

याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो मोठ्या बाईंना. मोठ्या बाई म्हणजे आमच्याच सोसायटीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या एकट्याच स्वतः कविता करायच्या. त्यांच्या भिंतीवर तीन सन्मानपत्रं आहेत, काचेत. एकदा त्यांनी कविता टाकली, तिची सुरुवात होती: 'जगण्यातले माझ्या मीठ संपले.' दुपारी तीनला टाकली. सहाच्या सुमाराला त्यांच्या दारावर वहिनी.

मीठ असं हातात द्यायचं नसतं, भांडण होतं म्हणतात, म्हणून हिने अर्ध्या किलोची पुडी उंबऱ्याशी ठेवली आणि वर म्हणाली, "खडेमीठ आसा. बारीक व्हया तर मिक्सराक लाव."

मोठ्या बाई संतापल्या. "अहो, ते रूपक आहे!"

वहिनीने इकडेतिकडे पाहिलं. "रूपक? तो खयचो? आमच्याकडचो?"

मी जिन्यातच उभी होते. तोंडात पदर कोंबून घरात पळाले. मोठ्या बाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ॲडमिन म्हणून जबाबदारी माझी ना! तेव्हा मी वहिनीला नीट बसवून समजावलं. म्हटलं, हे बघ, कवितेत 'मी' असतो ना, तो मी म्हणजे खरोखरचा मी नसतो. तो कवीचा मी. आणि जी बाई कविता पाठवते, तिचा तर त्या मी-शी काहीच संबंध नाही. तिला फक्त आवडली, म्हणून तिने पुढे पाठवली. कळलं?

वहिनीने मसाल्याची पुडी बांधता बांधता सगळं ऐकलं. रबर दोनदा फिरवलं. मग म्हणाली, "न्हय गे. इतक्या कविता येतत दिवसाक. त्यातली हीच कित्याक धाडल्यान?"

हीच का पाठवली, म्हणे. मी चहा टाकायला उठले.

पुढे मोठ्या बाईंचंही झालं. त्यांनी एकदा चारच ओळी टाकल्या, कसल्या सन्मानाबिन्मानाच्या नव्हेत, गंमत म्हणून. गुडघा म्हणतो बस, जिना म्हणतो चढ, आणि मी आपली कठड्याला धरून दोघांचं भांडण सोडवतेय, अशा काहीतरी. पाच मिनिटांत वहिनीचं उत्तर: "ही पोचली." आणि दुसऱ्या दिवशी निर्गुडीचा पाला, तो तव्यावर कसा गरम करायचा त्याच्या सूचनांसकट. मोठ्या बाई मला लिफ्टमध्ये भेटल्या. आधी मजल्याचं बटण दाबलं. मग दार उघडता उघडता हळूच म्हणाल्या, "कळलं ना तुम्हाला? पोचली म्हणाली ती." आणि लाजल्या हो. मुख्याध्यापिका!

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय वहिनी तुम्हाला कळायची नाही.

माझी एकुलती एक मुलगी बोरिवलीला असते. तुम्ही म्हणाल, मग काय, जवळच. मुलुंड आणि बोरिवली नकाशात जवळ आहेत. माझ्या बहिणीचा मुलगा कॅनडात असतो, तो वर्षातून दोनदा भेटून जातो. बोरिवलीच्या माणसाला मुलुंडला यायचं तर आधी दोन दिवस मनाची तयारी करावी लागते. त्यातून आमचं भांडण झालेलं.

झालं असं, की गणपतीत मी तिच्याकडे जेवायला गेले होते. तिचे सासू-सासरे होते. नात अकरा वर्षांची, हुशार, पण मराठी वाचायला दिलं की अडखळते. मी तिच्या हातात आरतीचा कागद दिला. ती 'ळ'ला अडकली. आणि माझ्या तोंडून गेलं, सगळ्यांच्या देखत, "एकवीस वर्षं मी पुस्तकांत काढली आणि माझ्या नातीला ळ येत नाही. शाबास!" मुलगी हातातलं मोदकाचं ताट खाली ठेवून म्हणाली, "आई, तू काउंटरवर बसून वाचत होतीस. मी आठ वाजता घरी येते आणि कणीक भिजवते. ळ कधी शिकवू, सांग." मोदक सगळ्यांनी खाल्ले, मुकाट्याने.

तेव्हापासून ती आली नाही. मी "ये" म्हटलं नाही. माझं काय चुकलं होतं? चुकलंच होतं, पण "ये" म्हणायला जीभ रेटेना. आमच्या घरात ती सवयच नाही. माझी आई मला माहेराहून निरोप धाडायची तोही असा: फणस पिकलाय. झालं. त्यातून आपण समजायचं.

तर मी काय करायला लागले? मुलीला कविता पाठवायला लागले. रोज एक. मायबोलीवरची. अंगणावरची. पाखरं उडून गेली आणि झाड एकटं राहिलं, ती तर तीन वेगवेगळ्या कवींची तीन वेळा. मला आपलं वाटायचं, किती सुंदर शब्द आहेत, वाचेल, बरं वाटेल तिला. ती उत्तरादाखल दोन जोडलेले हात पाठवायची. आता या मोबाईलवरच्या जोडलेल्या हातांचं काही खरं नसतं. नमस्कारही तोच, आभारही तेच, कुणी गेलं तरी तेच, आणि 'आता पुरे करा' म्हणायचं तरी तेच. सात महिने मी ते हात बघत होते आणि त्यातला कुठला तो मला ठरवता येत नव्हता.

वहिनीला हे भांडण ठाऊक होतं. म्हणजे मी सांगितलं नव्हतं, पण आधी मी तिच्याच हाती मुलीकडे मसाला पाठवायची. ते बंद झालं. वहिनीने एकदाच विचारलं, "बोरिवलीचो मसालो संपलो नाय अजून?" मी म्हटलं, "ते लोक आता तिखट कमी खातात." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशव्या उचलल्या.

एका दुपारी मला एक कविता सापडली. कुणा अनोळखी बाईच्या पानावर होती. खाली नाव नव्हतं, फोटो नव्हता, चारच ओळी:

माझ्या दाराला आता कडी नाही,
येणाऱ्याने नुसतं ढकलावं.
एक ताट मी रोज मांडते
आणि न उष्टावता रोज घासते.

मी ती चारदा वाचली. मुलीला पाठवायला बोट नेलं आणि मागे घेतलं. का कोण जाणे, ही पाठवता येईना. मग ग्रुपवर टाकली. मिनिटात फुलं, टाळ्या, "शब्द नाहीत", "काळजाला भिडली". मोठ्या बाईंनी "प्रतिमा चांगली आहे" म्हणून शेरा दिला. वहिनीचं मात्र काही नाही. पोचली नाही आणि नाय पोचलीही नाही. तिने वाचलीय हे दिसत होतं, निळ्या खुणा झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही काही नाही. मी मनातून खट्टू झाले. म्हटलं, बघा, माझीच नेमकी अडकली वाटेत.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी साडेदहाला बेल वाजली. दार उघडलं तर मुलगी. एका हातात ड्रिल मशीनची पेटी, दुसऱ्या हातात हार्डवेअरच्या दुकानाची पिशवी. मागे नात, मुठीत स्क्रूची पुडी घट्ट धरून. मुलीचा चेहरा लालबुंद.

"आई, कमाल करतेस तू! दाराला कडी नाही आणि तू एका शब्दाने सांगत नाहीस? एकटी राहतेस, कुणी आत शिरलं असतं म्हणजे?"

मला काही कळेना. मी दाराकडे पाहिलं, तिने दाराकडे पाहिलं. दाराला वरची कडी होती. खालची कडी होती. मधे साखळी होती. लॅच होतं. बाहेर सेफ्टी डोअर होतं, त्याला वेगळं कुलूप होतं. ते गणपतीनंतर मीच बसवून घेतलेलं, तिला ठाऊक नव्हतं.

"हे काय?" ती म्हणाली.

"हे दार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"वहिनी आल्या होत्या काल. दोन तास बस बदलत बोरिवलीला आल्या. सोफ्यावर बसल्याही नाहीत. म्हणाल्या, तुझ्या आईच्या दाराला कडी नाही, तिने स्वतः लिहून कळवलंय, सगळ्या बायकांना ठाऊक आहे. मला लाज वाटली आई! सगळ्या बायकांना ठाऊक आणि मला नाही?"

"अगं, ती कविता होती!"

"कुठली कविता?"

मी फोन काढून दाखवली. तिने उभ्या उभ्याच वाचली. नातीने मधे डोकं घातलं आणि मोठ्याने वाचायला लागली, अडखळत, 'ढकलावं'ला जरा थांबत. मी काही बोलले नाही हो, शपथ. ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

मुलगी आधी हसली. ड्रिलची पेटी जमिनीवर ठेवून भिंतीला टेकून हसली. "मी हार्डवेअरवाल्याला झोपेतून उठवलं! म्हटलं, सगळ्यात मजबूत कडी दे, आई एकटी असते. पाच इंची पितळी दिलीय त्याने." मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आणि ताट? वहिनी म्हणाल्या, तू रोज एक ताट जास्तीचं मांडतेस आणि तसंच घासून ठेवतेस."

ताटाचं खोटं आहे, तेही कवितेतलंच आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. आणि मला ते सांगता येईना. ताट नाही मांडत मी. पण भात रोज एका मुठीने जास्त लावते, सात महिने लावतेय, आणि सकाळी फोडणीचा करून खाते. ते कुठल्या कवितेत नव्हतं.

"बस," मी म्हटलं. "भात टाकते."

ती बसली नाही. आत येऊन माझ्यामागे ओट्याशी उभी राहिली. म्हणाली, "आई, मला वाटायचं तुझी प्रत्येक कविता म्हणजे टोमणा. मायबोलीवरची आली की म्हणायचे, हा ळ. पाखरं उडून गेली आली की म्हणायचे, हो, बोरिवलीला. ऑफिसात दुपारी तुझा मेसेज आला की फोन उलटा ठेवायचे. सरळ बोलली असतीस तर मी भांडले असते आणि आले असते गं."

मी तांदूळ धूत राहिले. त्या दिवशी ते फार स्वच्छ धुतले गेले.

जेवणं झाल्यावर तिने "आणलीय तर बसवूनच जाते" म्हणून ती पितळी कडी स्वयंपाकघराच्या बाल्कनीच्या दाराला ठोकली. नातीने स्क्रू एकेक करून दिले. ते दार आता इतकं भक्कम लागतं, की कपडे वाळत घालायला मला दोन्ही हात लावावे लागतात.

संध्याकाळी मी वहिनीला फोन लावला. झाडायचीच ठरवून लावला.

"वहिनी, तुला कुणी सांगितलं होतं गं बोरिवलीला जायला? ऑर्डर होती तिकडे?"

"मगे ही काय ऑर्डर नाय तर?"

"अगं, मी लिहिलेली नव्हती ती! दुसऱ्या कुणीतरी लिहिलीय. मी नुसती पुढे पाठवली."

"पुढे पाठयलंस म्हंजे तुजीच. दुसऱ्याच्या तोंडातलां आपण पुढे कित्याक पाठवतंव? आपल्या तोंडातून भायर पडणा नाय म्हणान." मग म्हणाली, "इला काय चेडू?"

"आली होती," मी म्हटलं. "जेवून गेली."

"मगे? बोंब कित्याक मारतंस?"

आणि फोन ठेवला तिने. अगदी शेवटी ठेवता ठेवता काहीतरी म्हणाली. कंडक्टरच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. 'पोचली' म्हणाली असावी, असं मी धरून चालते.

मुलगी आता महिन्यातून दोनदा येते. रविवारी येते, सोमवारची कणीक माझ्याकडेच भिजवून डब्यात घेऊन जाते. मी तिला कविता पाठवणं बंद केलं नाही, पण खाली एक ओळ माझी लिहिते. "ही नुसती छान आहे, यात काही नाही" अशी. ती तरी विचारते, "नक्की ना?"

वहिनी मात्र आता इथे नाही. कांजूरची त्यांची चाळ पाडून नवी इमारत बांधायला काढली. तोवर भाड्याच्या खोलीत राहायचं, तर म्हणाली, त्यापेक्षा गावचं घर उघडते, झाडलोट करते. जायच्या आदल्या दिवशी आली, दारातून आडवी. सगळ्यांना वर्षभर पुरेल एवढा मसाला दिला. मोठ्या बाईंनी तिला आपल्या कवितांची वही भेट दिली, स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. वहिनीने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "वाचतंय. नाय पोचली तर सांगतंय हां." मोठ्या बाई म्हणाल्या, "सांगाच!" आणि डोळे पुसायला लागल्या. मी तिला रिक्षेपर्यंत सोडायला गेले. पिशव्या ठेवल्या, रिक्षा सुरू झाली, आणि मी काय म्हटलं असेन? "तिकडे पाऊस जास्त असतो, सांभाळ." एवढंच. इतकी वर्षं तिच्या संगतीत काढून माझं आपलं तेच, फणस पिकलाय.

तिच्या गावात रेंज नाही. घरामागे सडा आहे, त्या कातळावर चढून गेलं की कधी मिळते. आठ-दहा दिवस आमच्या कवितांना एकच खूण. मग एखाद्या संध्याकाळी सगळ्या एकदम जातात आणि तिची उत्तरं रांगेने येतात. ग्रुपवर तेव्हा लग्नघरासारखी धांदल उडते. पण हल्ली महिना झाला, काहीच नाही. बायका कविता टाकतात, फुलं देतात, आणि थांबतात. दुपारच्या कवितेला कुणी विचारत नाही, काय हवंय तिला.

परवा मी पुन्हा एक सुरेख कविता शोधून काढली, गाव आणि वाट वगैरे असलेली. वहिनीला पाठवायला घेतली. अर्ध्यावर थांबले आणि पुसून टाकली. मग ते माइकचं चिन्ह दाबून धरलं. मला ते नीट जमत नाही, दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा बोलले. सड्यावर चढेल तेव्हा ऐकेल. नाहीच ऐकू आलं तर म्हणून इथेही तेच बोलते, तुम्हा एवढ्या सगळ्यांच्या देखत:

वहिनी, मी बोलतेय. हे कुणाचं उचललेलं नाही. मला तुझ्याशिवाय करमत नाही. मुलगी रविवारी येते, तूही रविवारीच ये, म्हणजे दोघी भेटाल. लिफ्ट दुपारी दोन ते चार बंद ठेवतात, त्याच्या आधी ये. पिशव्या आणू नकोस, नुसती ये. लवकर ये गं.